तेर ते त्रिरश्मी : पुण्याचा जमाखर्च

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक माहितीवही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. पैठणहून अकीक-गोमेदासारखा दगड येतो, तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा सगळा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला पोचतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आम्ही तिथूनच निघालो : तेर, पैठण, छत्रपती संभाजीनगर, पितळखोरे आणि शेवटी नाशिक. ही वाट पश्चिमेच्या बंदरांकडे सरकणारी, म्हणजे माल ज्या दिशेला जाई त्याच दिशेची.

शोध मात्र मालाचा नव्हता. हा माल ज्या रोमन जगात जाऊन पडत होता, तिथे धर्म ही घरातल्या देव्हाऱ्यापुरती गोष्ट नव्हती. तो उघड उघड राज्यकारभाराचा भाग होता. सिनेटमध्ये भाषणं करणारा आणि फौजा चालवणारा माणूसच मोठमोठी पुरोहितपदंही सांभाळी. इसवी सनापूर्वी १२ मध्ये ऑगस्टस स्वतः ‘पाँटिफेक्स मॅक्सिमस’, म्हणजे मुख्य पुरोहित झाला आणि पुढे हे पद बादशहाकडेच राहिलं. सरकारी खजिना सॅटर्नच्या देवळात असे. त्याच काळात सातवाहनांच्या मुलखात देव, राजा, पैसा आणि सामान्य माणूस यांचं काय नातं होतं, हे त्या वाटेवरच्या दगडविटांना विचारून पाहायचं होतं.

तेर तेरणेच्या काठी वसलं आहे. आजचं तेर ओळखलं जातं ते गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभारांची समाधी इथे आहे आणि वारकऱ्यांची वर्दळ असते. गावाभोवती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं आहेत. पाऊस पडून गेला की त्यांतून मणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आज गावात आहे.

तिथली हस्तिदंती बाहुली पाहण्यासाठी जगभरातून अभ्यासक येतात. कारण १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखालच्या एका घरात अशाच जातकुळीची हस्तिदंती मूर्ती सापडली. ती साधारण पंचवीस सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली आणि सोबत दोन दासी असलेली आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला त्याआधीच ती तिकडे पोचलेली असणार, हे उघड आहे. पाँपेईची लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली; पण ती लक्ष्मी आहे, यक्षी आहे की कुण्या आरशाची वा छोट्या मेजाची नक्षीदार मूठ, यावर अजून वाद आहे.

मला अधिक वेळ थांबवलं ते तिथल्या मातीच्या पदकांनी. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं सापडली आहेत, तीही टायबेरियस बादशहाच्या नाण्यांवरून केलेली. दोरा ओवून गळ्यात घालता यावं अशी त्यांची घडण. हा टायबेरियस इसवी सन १४ ते ३७ या काळात गादीवर होता. ऑगस्टसचं चित्र असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन कुणी शौचकूपात वा वेश्यागृहात गेलं तरी त्याच्या राजवटीत जिवावर बेतणारा खटला उभा राही, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. बादशहाचा चेहरा तिथे इतका सोवळ्यातला होता. इथे मात्र तेरच्या कुणा बाईने तो चेहरा मातीत उठवून घेतला आणि मण्यांच्या माळेत ओवला. तिला ना त्या बादशहाचं नाव ठाऊक असणार, ना त्याची भीती.

त्रिविक्रमाचं देऊळ गावातच आहे. मागची बाजू गजपृष्ठाकार, बांधकाम विटांचं, घडण लेण्यांतल्या चैत्यगृहासारखी. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं आणि पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. वास्तू तीच ठेवून देव बदलण्याचा हा प्रकार रोमलाही नवा नव्हता. सगळ्या देवांचं म्हणून बांधलेलं पॅन्थिऑन इसवी सन ६०९ मध्ये चर्च झालं, आणि म्हणूनच ते टिकलं. त्रिविक्रमाच्या देवळाचंही तेच म्हणता येईल. पूजा चालू राहिली म्हणून विटा राहिल्या.

तेरहून पैठणपर्यंत सगळा काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीनचा मुलूख. पैठण जवळ आलं की जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी दिसू लागतं. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी तिला ‘बैठण’ म्हणतो आणि तिथल्या राजाचं नाव ‘सिरोप्टोलेमायोस’ असं देतो. हा आपला वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावी.

सातवाहन राजे स्वतःला वैदिक परंपरेचे म्हणवत. नाणेघाटात राणी नागनिकेचा जो लेख आहे, त्यात आधी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. मग अश्वमेधासकट एकामागून एक यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांची यादी. हा लेख जुन्नर आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटवाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी आहे. राजाचा यज्ञ हा जाहीर मामला होता आणि त्याचा खर्चही जाहीर होता. रोमन माणसाला हे चटकन समजलं असतं. त्याच्याकडेही डुक्कर, मेंढा आणि बैल यांची मिरवणूक काढून बळी दिला जाई, आणि विधीत चूक झाली तर तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. मनात श्रद्धा किती, हे कुणी विचारत नसे. विधी बिनचूक आणि सर्वांसमक्ष झाला पाहिजे, एवढंच.

पैठणच्या दगडाचा उल्लेख पेरिप्लसमध्ये आहे, आणि तो दगड आजही नदीकाठच्या पांढरीत सापडतो. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत थराथरांनी साचलेलं हे अकीक. एकावर एक पांढरे-तपकिरी थर असल्याने कारागीर वरचा थर कोरून खालच्या रंगावर चित्र उठवू शके. व्हिएन्नाच्या संग्रहालयात ‘जेम्मा ऑगस्टिया’ नावाचा असाच दुरंगी दगड आहे. त्यात ऑगस्टस ज्युपिटर देवाच्या थाटात सिंहासनावर बसला आहे. बादशहाला देवाच्या पंगतीला बसवण्यासाठी रोमला ज्या जातीचा दगड लागे, त्या जातीचा दगड पैठणच्या गाड्यांतून भडोचला जात होता. बदल्यात भडोचला उतरे ती इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो, अशी रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार होती.

आजचं पैठण संत एकनाथांचं. फाल्गुन वद्य षष्ठीला इथे लाखोंची गर्दी होते. एरवी दुपारी समाधिमंदिराकडे जाताना निवांतपणा असतो. सावलीत बसलेल्या एका आजोबांना मी घाटाचा रस्ता विचारला, ते बाकावर सरकून बसले आणि पाठीमागच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, “बसा की दादा, ह्ये बाकडं आमच्या भाच्यानं दिलंय. नाव वाचा आधी.” बाकावर आईच्या स्मरणार्थ असं लिहिलं होतं, खाली मुलाचं नाव, गाव आणि दुकान. दोन हजार वर्षांपूर्वी याच पैठणच्या दुकानदारांनी नेमकं हेच केलं, फक्त पत्र्याऐवजी कातळावर. ते पाहायला पितळखोऱ्याला जायचं.

वाटेत छत्रपती संभाजीनगर. हे शहर सातवाहनांच्या मानाने अगदीच अलीकडचं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावी ते वसवलं. पण बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात जी औरंगाबाद लेणी आहेत, त्यांतलं चौथं लेणं जुन्या धाटणीचं चैत्यगृह आहे. छताला लाकडी कमानींची नक्कल आणि मध्ये साधा, अलंकार नसलेला स्तूप. शहर नव्हतं तेव्हाही या डोंगराखालून वाट जात होती आणि वाटेवर भिक्खू होते. इथून ईशान्येला जालना जिल्ह्यात भोकरदन लागतं; सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत ‘भोगवर्धन’ म्हणून येणारं गाव ते हेच. तिथल्या उत्खननातही पाँपेईच्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी हस्तिदंती मूर्ती तुटक्या अवस्थेत मिळाली.

पितळखोरे कन्नडच्या पुढे, गौताळा अभयारण्यात. पठारावरून चालत जाताना पुढे काही असेल असं वाटत नाही. अचानक जमीन संपते आणि खाली दरी उघडते. पावसाळ्यानंतर दरीच्या तोंडाशी धबधबा असतो. पायऱ्या उतरून गेलं की कातळाच्या पोटात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची लेणी दिसतात. दगड ठिसूळ, चैत्यगृहाचा दर्शनी भाग केव्हाच कोसळला आहे. पण विहाराच्या जोत्यावर ओळीने उभे असलेले हत्ती, दाराशी भाले-ढाली घेतलेले द्वारपाल आणि जिन्याशेजारचा पाच फण्यांचा नाग अजून ओळखू येतात. या नागाच्या आत पाण्याची वाट कोरलेली आहे. वर पाणी ओतलं की ते फण्यातून खाली, येणाऱ्याच्या पायांवर पडे. पाय धुऊनच आत यावं, याची सोय दगडातच करून ठेवलेली!

चैत्यगृहाच्या खांबांवरचे ब्राह्मी लेख म्हणजे दात्यांची नावनिशी. एक खांब पैठणच्या गांधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या मितदेवाचा. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. विहारात राजवैद्य मगिल याचं नाव येतं. त्याच्यासोबत मुलगी दत्ता आणि मुलगा दत्तक यांचीही नावं आहेत. इथेच सापडलेला एक गुबगुबीत, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर वाडगं धरलेल्या त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कोरलं आहे, की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने दगडात हात घालावा आणि आपलं नाव कोरावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. देवाधर्माच्या कामात कारागीर बहुधा निनावीच राहतो.

पण चैत्यगृहात उभं राहून खांब मोजताना ठळकपणे लक्षात येते ती वेगळीच गोष्ट. हे काम एका माणसाचं नाही. कुणी एक खांब दिला, कुणी एक खोली, कुणी भिंत. म्हणजे वर्गणी. रोमन शहरांत देवळं उभी राहत ती बहुधा एकेका बड्या असामीच्या पैशातून, आणि तो पैसा शहरातल्या मानापानाशी थेट बांधलेला असे. पाँपेईतलं इसिसचं देऊळ इसवी सन ६२ च्या भूकंपात पडलं. ते स्वखर्चाने पुन्हा बांधल्याबद्दल न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस याला नगरसभेत जागा मिळाली, असा लेख तिथे आहे. या सेल्सिनसचं वय होतं सहा वर्षं. बाप पूर्वीचा गुलाम असल्याने त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हतं. म्हणून त्याने पैसा ओतला तो मुलाच्या नावाने. मगिलच्या मुलांच्या नावाने कातळावर पुण्य जमा झालं. पोपिडियसच्या मुलाच्या नावाने सभासदत्व.

पितळखोऱ्याहून घाट उतरला की खानदेश लागतो आणि तिथून पश्चिमेला नाशिक. शहराच्या दक्षिणेला, महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात त्रिरश्मी लेणी; लोक पांडवलेणी म्हणतात. पायऱ्या चढताना सकाळच्या व्यायामाला आलेली मंडळी भेटतात. वर गेल्यावर मात्र दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात बराच वेळ जातो, कारण तिथे भिंतीवर चक्क बँकेचं खातं कोरलेलं आहे.

सातवाहनांचा प्रतिस्पर्धी, क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं संघाला दिलं आणि भिक्खूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणांची कायमठेव ठेवली. ठेव ठेवली कुठे? गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळच्या तेव्हाच्या गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा : दोन हजारांवर शेकडा बाराने वर्षाचे २४० होतात, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. एक कवडीही इकडची तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे ९० भिक्खूंच्या किरकोळ गरजांसाठी. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असंही लेख सांगतो.

अशी कायमठेव रोमन जगातही होती. धाकट्या प्लिनीने आपल्या कोमो गावातल्या मुलांच्या पोषणासाठी पाच लाख सेस्टर्सचा निधी कबूल केला आणि तो बुडू नये म्हणून जमीन तारण लावून दरसाल तीस हजारांची व्यवस्था केली, म्हणजे शेकडा सहा. पण याच प्लिनीचा दुसरा पत्रव्यवहार वाचला की दोन्ही जगांतला फरक दिसतो. तो बिथिनियाचा सुभेदार असताना निकोमीडिया शहरात मोठी आग लागली. त्याने ट्रेजन बादशहाला विचारलं, आग विझवण्यासाठी दीडशे कारागिरांचा एक संघ काढू का? ट्रेजनने नकार दिला. माणसं कुठल्याही निमित्ताने एकत्र येवोत, लवकरच त्यांचा राजकीय कंपू होतो, असं त्याचं म्हणणं. हा संशय जुना होता. इसवी सनापूर्वी १८६ मध्ये सिनेटने बाखस देवाच्या भक्तमंडळांवर जो हुकूम काढला, त्यात पाचांहून अधिक जणांनी परवानगीशिवाय एकत्र विधी करायला आणि सामाईक निधी ठेवायला बंदी होती.

तिकडे कारागिरांनी बंब चालवायला एकत्र यावं तरी बादशहाची झोप उडते. इकडे राजाचा जावई स्वतःहून विणकरांच्या सामाईक तिजोरीत पैसे ठेवतो आणि राजवटीपेक्षा तिच्यावर अधिक भरवसा ठेवतो. रोममध्येही कारागिरांचे संघ होते, त्यांना आपापले देव होते, वर्गणीतून अंत्यविधीचा खर्च भागे. पण सरकारची नजर त्यांच्यावर कायम राही. त्रिरश्मीच्या भिंतीवर सरकारच श्रेणीचं ठेवीदार आहे.

हा भरवसा योग्य होता, असं पुढच्या घडामोडींवरून वाटतं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला आहे. त्याखाली अजून नहपानाचा रोमन धाटणीचा चेहरा डोकावतो. शत्रूच्या नाण्यावर तो घाव घालत होता, पण भिक्खूंना दान देण्याची रीत त्यानेही चालू ठेवली. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात तो आपल्या अमात्याला कळवतो : आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिलं आहे, त्यात सरकारी माणसाने पाऊल टाकू नये, मिठासाठी खणू नये, अंमलदाराने ढवळाढवळ करू नये.

म्हणून सातवाहनांची राजवट सर्वांना मोकळी होती असं समजण्याचं कारण नाही. त्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाला शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पल्हव यांचा संहार करणारा, अद्वितीय ब्राह्मण आणि वर्णसंकर थांबवणारा म्हणून गौरवते, आणि हे सांगत असतानाच ते लेणं बौद्ध भिक्खूंना देते. काही पावलांवरचं सतरावं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडच्या यवनाने दिलेलं आहे. जुन्नरला इरिल आणि चिट या यवनांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहात कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांचे. शिलालेखात यवनांचा संहार आणि शेजारी यवनाचंच दान, हे दोन्ही एका डोंगरावर नांदतं. राजाची भाषा एक होती, बाजाराची दुसरी. आणि लेणी बाजाराच्या पैशावर चालत होती.

या पैशाच्या उगमावरच पुढचं बरंच अवलंबून राहिलं. रोममध्ये जुन्या देवांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होई. इसवी सन ३८२ मध्ये ग्रेशियन बादशहाने तो बंद केला, आणि शतकानुशतकं चाललेली पुरोहितपदं व वेस्टा देवीच्या सेवेतल्या कुमारिकांचा मान काही वर्षांत ओसरला. दख्खनमध्ये असा हुकूम काढून लेणी बंद पाडता येण्यासारखी नव्हती, कारण खांब अत्तरवाल्याचा, टाकं यवनाचं आणि ठेव विणकरांकडे. ती मंदावली ती वाटेवरचा व्यापार मंदावला तेव्हा. पाचव्या शतकात अजिंठ्याला पुन्हा छिन्नी वाजू लागली, तेव्हा मोठी कामं वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्यासारख्या मोजक्या बड्या दात्यांची होती. ती चित्रं जगात अजोड आहेत. पण राजा हरिषेणाच्या पाठोपाठ वाकाटकांची सत्ता ढासळली आणि लेणी अर्धवट सोडून कारागीर निघून गेले. अजिंठ्याला गेलेले लोक चित्रं पाहून परततात, ते योग्यच आहे. सवड असेल तर पितळखोऱ्याचे खांब आणि नाशिकची ही भिंतही वाचावी. कुठलंही देवस्थान किती काळ तग धरेल, याचा अंदाज त्याच्या शिखरापेक्षा त्याच्या देणगीदारांच्या यादीवरून अधिक चांगला बांधता येतो.